एका माणसाची एक भाषा

ती दातांच्या कवळ्या करायची. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, पेशंटची नजर जाणार नाही अशा लांबट खोलीत तिचं टेबल होतं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन आत पाठवायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, मेणाच्या जागी गुलाबी हिरडी आली की घासून घासून चकचकीत करायची. माणूस कधी दिसायचा नाही, तोंड मात्र आतून-बाहेरून पाठ. "हे गृहस्थ डाव्या बाजूने चावतात," ती सांगायची, "आणि संतापी आहेत. दातओठ खाऊन खाऊन झिजवलेत बघा." इमारतीतले लोक तिला कवळीवाली म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नव्हती, म्हणून रोज चार मजले चढून यायचा आणि धापा टाकत "नशीब बघ माझं," म्हणायचा. लग्न ठरण्याआधीच त्याने तिला सांगून टाकलं होतं, की मला एक खोड आहे. तिने मनाची तयारी केली. तिला वाटलं, दारू. निघाली भाषा.

"दारू असती तर सोडवता तरी आली असती," सासूबाई नंतर म्हणाल्या.

भाषेचं नाव एस्पेरांतो. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने टेबलाशी बसून तयार केलेली. कुठल्याच देशाची नाही, म्हणून सगळ्यांची होईल, अशी त्याची आशा. हिचा नवरा सतराव्या वर्षी त्या भाषेच्या तरुण संघटनेत शिरला. देशभरातले सगळे सभासद गोळा केले तर एक लग्नाचं कार्यालयही भरलं नसतं. या शहरात तर पंधरा-वीस टाळकी. सायकलच्या दुकानावर एक खोली, दारावर हिरवी चांदणी, आत घडीच्या खुर्च्या आणि चहाची किटली. दर शनिवारी संध्याकाळी जमायचं, ती भाषा बोलायची, शाळा-कॉलेजांत जाऊन "या, शिका, सोपी आहे," असं सांगायचं, परदेशातून कुणी सभासद आला तर त्याला कुणाच्या तरी घरी झोपायला जागा द्यायची. तिशी उलटली की नाव कमी. तो नियम यानेच अध्यक्ष असताना करून घेतला होता, कारण आधीचे सगळे पदाधिकारी टक्कल पडेपर्यंत खुर्चीला चिकटून बसले होते. तिसावं सरलं तेव्हा सगळ्यांनी याला रीतसर निरोप दिला, भाषणं केली, आणि पुढच्या शनिवारी हा पुन्हा खुर्च्या मांडायला हजर. "मत देत नाही मी आता," तो म्हणायचा. "खुर्च्यांना वयाची अट नाही."

लग्नानंतर तो तिला एकदा तिथे घेऊन गेला. तिथे घरची भाषा बोललेली चालत नसे. जो बोलेल त्याच्यापुढे कापडाची एक हिरवी मगर आणून ठेवायचे, आणि पुढचा कुणी चुकेपर्यंत ती त्याच्याकडे राहायची. ही खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अय्या, किती उकडतंय इथे!" झालं. मगर जी तिच्या मांडीवर येऊन बसली ती संध्याकाळभर. ती परत म्हणून गेली नाही.

मुलगी झाली तेव्हा त्याने बाळंतपणाच्या दवाखान्यातच जाहीर केलं, "मी हिच्याशी फक्त एस्पेरांतो बोलणार. तू तुझी बोल. एका माणसाची एक भाषा. मुलांचा गोंधळ होत नाही, फक्त आपण नियम मोडायचा नाही."

"आणि शिंक आली तर?" सासूबाईंनी विचारलं. "तीपण त्याच भाषेत द्यायची का?"

पण त्याने नियम मोडला नाही. पोरगी आईच्या भाषेत त्याच्याशी बोलायला गेली तर हा ठार बहिऱ्यासारखा बघत राहायचा. दोन वर्षांची होईतो तिच्या ते अंगवळणी पडलं. आईकडे वळून ती पाणी मागायची, बापाकडे वळून आक्वो मागायची. मान वळली की भाषा वळायची. बापाला ती पाच्यो म्हणे, म्हणजे त्या भाषेतला बाबा. दिवसभर दोन-दोन भाषांत तोंड चालू असायचं, म्हणून आजीने तिचं नाव टिटवी ठेवलं.

"माझ्या लेकाशी मला बोलता येतं, माझ्या नातीशी मला बोलता येतं," आजी शेजारणींना सांगे. "ती दोघं एकमेकांशी बोलायला लागली की मी आपली बसते, परदेशात आल्यासारखी."

कवळीवालीने ती भाषा शिकून घेतली नाही. राग होता असं नाही. दिवसभर दातांवर वाकून घरी आलं की मान सरळ करायलाच तासभर लागायचा. शिवाय टिटवीशी बोलायला तिची तिची भाषा होतीच, त्या दोघांचं त्या दोघांपाशी असेना का. सकाळी शाळेत निघताना तो टिटवीपुढे उकिडवा बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधायचा. बांधता बांधता रोज तेच एक लांबलचक वाक्य म्हणायचा. शेवटी आवाज वर चढवून थांबायचा. टिटवी रोज त्याला तेच एक छोटं उत्तर द्यायची, आणि मग दोघं असे हसायचे, की जणू पहिल्यांदाच ऐकतायत. ती दुधाचा कप घेऊन उभी असायची. "झालं का तुमचं खलबत? दूध निवतंय," असं म्हणायची. काय म्हणालात, हे तिने कधी विचारलं नाही. विचारायला सगळं आयुष्य पडलं होतं.

तो अडतिसाव्या वर्षी गेला. एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनखोलीत काम करत होता, छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. टिटवी तेव्हा साडेचार वर्षांची होती.

टिटवीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली. पण जिन्यात कुणाची धाप ऐकू आली की ती दाराशी पळायची आणि त्या भाषेत काहीतरी भराभर बोलायची. शेजारचे काका दिसले की गप्प. मग ती कपाट उघडून त्याच्या शर्टांशी बोलायला लागली.

"अगं, पोरगी कपाटाशी बोलते," सासूबाई म्हणाल्या. "तिचं ते बंद कर."

"बोलू दे, आई. कपाट ऐकून तरी घेतंय."

पण बोलणं आटत चाललं होतं. आधी लांब वाक्यं, मग तुटक, मग नुसते शब्द. एक दात काढला की शेजारचे दात हळूहळू त्या खिंडाराकडे कलतात, हे कवळीवालीला कामावरून माहीत होतं. वेळेवर काही बसवलं नाही तर खिंडार बुजूनही जातं, आणि मग तिथे कधी दात होता हे सांगूनही कुणाला पटत नाही. नवऱ्याचे कपडे, घड्याळ, हत्यारांची पेटी हे सगळं होतं. पण त्याने आपल्या पोरीच्या आत जे साडेचार वर्षं रोज ओतलं होतं, ते ह्या घरात एकाच जागी होतं, आणि तिथून ते जात होतं.

एका शनिवारी तिने टिटवीचा हात धरला आणि सायकलच्या दुकानावरचा जिना चढली.

अध्यक्ष म्हणजे औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी तेवीस वर्षांची मुलगी. लिफ्टवाल्यानेच तिला भाषा शिकवली होती. हिला बघून तिचे डोळे भरून आले.

"मला काही नको," कवळीवाली म्हणाली. "रडू तर मुळीच नको. हिच्याशी बोला. एवढंच."

कुणीतरी सवयीने मगर उचलली. अध्यक्षाने त्याच्या हातावर चापट मारली.

टिटवी आधी आईच्या मागे लपली. मग एक मुलगा किटली उचलताना त्या भाषेत काहीतरी म्हणाला, आणि टिटवीने मान बाहेर काढून त्याला उत्तर दिलं. त्या उत्तरामागून आणखी एक वाक्य आलं, त्यामागून आणखी एक, आणि मग नळ सुटल्यासारखं झालं. खोलीतली पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत राहिली. ती सगळी पुस्तकातून शिकलेली, वाक्य जुळवून जुळवून बोलणारी.

"आपण पोहायला शिकलो," किटलीवाला मुलगा न राहवून घरच्या भाषेत म्हणाला, आणि स्वतःच मगरीकडे बघून पुढे म्हणाला, "आणा ती इकडे, माझ्यापुढेच ठेवा. पण हा मासा आहे मासा!"

घरी येताना टिटवी उड्या मारत आली. तेव्हापासून शनिवार कधी चुकला नाही. आठवडाभर पोरगी विचारायची, "शनिवार आज आहे का?" सासूबाईंनासुद्धा कबूल करावं लागलं, की नातीच्या अंगावर तजेला आला. कवळीवाली कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहायची, एक अक्षर न कळता. रोपाला पाणी घालून बाजूला बसावं तशी.

वर्षअखेरीला संघटनेचा मोठा मेळावा झाला. एका शाळेचं सभागृह घेतलं होतं. इतर देशांतून तीसेक तरुण आले होते, पाठीवर पिशव्या, छातीवर हिरव्या चांदण्या. जन्मापासून ही भाषा बोलणारी मुलगी आपल्याकडे आहे, हे अध्यक्षाला किती मिरवावं असं झालं होतं. टिटवीला खुर्चीवर उभं केलं, माईक खाली ओढला. ती बोलली. टाळ्या पडल्या. वाकून, गुडघे टेकून लोक तिच्याशी बोलायला लागले, आणि ती एकेकाला पटापट उत्तरं द्यायला लागली. कवळीवालीला मागच्या रांगेत बसल्या जागी वाटलं, तो असता तर आत्ता त्याने खाकरून चष्मा पुसला असता.

मग एक उंच, शांत चेहऱ्याचा पाहुणा टिटवीपुढे बसला. त्याने काहीतरी विचारलं. टिटवीने उलट त्यालाच काहीतरी विचारलं. पाहुणा थांबला. त्याने अध्यक्षाकडे बघितलं, अध्यक्षाने खाली बघितलं. टिटवीने पुन्हा तेच विचारलं, या वेळी त्याची बाही धरून. त्याने हळूच मान हलवली आणि दोन-तीन शब्द बोलला. टिटवी खुर्चीवरून उतरली, सरळ चालत आईपाशी आली आणि आईच्या भाषेत म्हणाली, "घरी जायचं."

बाहेरच्या व्हरांड्यात अध्यक्ष मागून धावत आली.

"काय विचारलं तिने?" कवळीवालीने विचारलं.

"ताई, नको ना."

"काय विचारलं?"

"तिने विचारलं, तुम्ही पाच्योकडून आलात का. तो येणार आहे का, की तुम्ही सगळे आधी आलात." अध्यक्षाने नाक पुसलं. "त्यांना काही माहीत नव्हतं हो. ते म्हणाले, नाही बाळ, मी त्यांना ओळखत नाही."

टिटवी व्हरांड्याच्या कठड्याला हनुवटी टेकून उभी होती.

"ती आम्हालाही विचारायची," अध्यक्ष म्हणाली. "दर शनिवारी. पाच्यो कुठे बसलाय. तिला वाटायचं, असं बोलणारी सगळी माणसं त्याच्याकडचीच. आम्ही आपले विषय बदलायचो. तुम्हाला सांगायचा धीर नाही झाला."

कवळीवालीच्या तेव्हा ध्यानात आलं, की आपण कोपऱ्यात बसून वर्षभर जे ऐकत होतो, ज्याला आपण टवटवी म्हणत होतो, ते सगळं शोधणं होतं. पोरगी खोलीभर बापाचा पत्ता विचारत फिरत होती आणि आई कौतुकाने बघत होती.

त्या दिवसापासून टिटवीने त्या भाषेतला एक शब्दही तोंडातून काढला नाही.

कवळीवालीने तेव्हा, म्हणजे अगदीच उशिरा, भाषा शिकायला घेतली. नवऱ्याचं पुस्तक दवाखान्यात नेलं. साच्यातलं प्लास्टर घट्ट होईस्तोवर जो वेळ रिकामा जायचा, त्यात एक पान. मेण वितळेपर्यंत आणखी अर्धं. पांढऱ्या बोटांचे ठसे पानापानावर उमटले. सोपी आहे, सोपी आहे, असं तो म्हणायचा ते खरंच निघालं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

पाचसहा महिन्यांनी एका सकाळी ती टिटवीपुढे उकिडवी बसली, तिच्या बुटांची नाडी धरली आणि त्या भाषेत म्हणाली, "चल, उशीर होतोय, पाय पुढे कर." वाक्य साधंच होतं. चार दिवस घोकलं होतं.

टिटवीने आपला तळवा आईच्या तोंडावर दाबला. जोरात नाही, पण पक्का.

"तू नाही बोलायचं," ती म्हणाली. "एका माणसाची एक भाषा असते. तू आई आहेस."

अगदी त्याच्यासारखी मान तिरकी करून म्हणाली. त्याने घालून दिलेला नियम पोरगी पाळत होती. आता तो मोडायची परवानगी द्यायला तो नव्हता.

"बरं," कवळीवाली म्हणाली आणि नाडी बांधली.

शनिवारी ती एकटीच गेली. का गेली हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. दवाखान्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं, इमारतीत लोक त्याचा विषय निघाला की आवाज खाली करायचे, सासूबाई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. त्या खोलीत मात्र लोक त्याच्या चुका काढून हसत होते, त्याने लावलेल्या शेल्फला शिव्या घालत होते. "लिफ्ट कशी सरळ लावायचा कोण जाणे, हे शेल्फ बघा!" तिला ते ऐकायला बरं वाटे.

"पण तुम्हाला सभासद नाही करून घेता येणार, ताई," अध्यक्ष ओशाळून म्हणाली. "तिशीचा नियम."

"माहितीये कुणी केलाय तो," कवळीवाली म्हणाली. "जिवंतपणी माझं काही ऐकलं नाही, आता मेल्यावरही आडवा आलाय. खुर्च्या कुठल्या कपाटात असतात?"

वर्षं गेली. औषधाच्या दुकानातल्या अध्यक्षाची तिशी झाली, तिचंही नाव कमी झालं. नवीन पोरं येत-जात राहिली. कवळीवाली खुर्च्या मांडता मांडता नवशिक्यांचे धडे घ्यायला लागली, कारण तिच्याइतक्या नेमाने दुसरं कुणी येत नसे. घरी टिटवी उंच होत गेली, दोन वेण्यांची झाली, गणितात हुशार निघाली. ती सात वर्षांची असताना केव्हातरी कवळीवालीने सहज, "आक्वो म्हणजे काय गं?" असं विचारलं. टिटवी विचारात पडली. "औषध आहे का कुठलं?" म्हणाली.

बारा वर्षांची असताना एका दुपारी टिटवी स्वयंपाकघरात आली. कवळीवाली भाजी निवडत होती.

"आई, बाबा माझ्याशी काय बोलायचे गं?"

"म्हणजे?"

"त्यांच्या त्या भाषेत. तू नेहमी सांगतेस ना, बूट घालताना रोज एकच वाक्य म्हणायचे, मग मी काहीतरी म्हणायचे, मग हसायचो. काय होतं ते?"

कवळीवालीचा हात थांबला. वाक्याची चाल तिला आजही आठवत होती. सुरुवातीला सपाट, मधे एक गिरकी, शेवटी वर चढणारी. शब्द एकही नाही. ज्याचा अर्थच कळत नाही ते कानात राहतं कुठे? आता तिला भाषा येत होती. त्या चालीत बसतील अशी दहा वाक्यं ती तिथल्या तिथे रचू शकली असती. एखादं बूट हरवलेल्या सशाचं, एखादं चंद्रापर्यंत चालत जाण्याचं. टिटवीने ते जन्मभर जपून ठेवलं असतं, पुढे आपल्या मुलांना सांगितलं असतं. जगात कुणी उठून म्हणालं नसतं, की हे खोटं आहे. शब्द अगदी ओठांवर आले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला तेव्हा ती भाषा येत नव्हती. आणि मी विचारलं नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

टिटवीने टेबलावरची एक शेंग उचलली, सोलली, दाणे बाजूला ठेवले.

"मग मला शिकव," टिटवी म्हणाली. "शनिवारी येऊ का?"

"आणि तुझा नियम?"

"कुठला नियम?" टिटवीने विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं.

शनिवारी ती मागच्या खुर्चीत बसली, नव्याने आलेल्या सातआठ पोरांत. कवळीवालीने कुणाला काही सांगितलं नाही. पण धडा घेताना तिचं निम्मं लक्ष मागच्या खुर्चीवर असायचं. खाली कुठेतरी असेलच, तिला वाटायचं. दात पडला तरी मूळ हाडात राहिलेलं असतं कधीकधी, एक्सरेत दिसतं. एखाद्या शब्दाला पोरगी दचकेल, न शिकवलेलं एखादं वाक्य पटकन बोलून जाईल. एक धडा झाला, दुसरा झाला, दहावा झाला. टिटवी हुशार होती, पाठांतर चोख करायची. पण इतर पोरांना ज्या शंका यायच्या त्याच तिला यायच्या, इतर पोरं जिथे अडखळायची तिथेच ती अडखळायची. आणि बोलायला लागली की कवळीवालीला ऐकू यायचा तो स्वतःचाच आवाज. स्वतःचीच जड जीभ, मधे श्वास घ्यायची स्वतःचीच लकब. त्याचं काही नाही. तिने दिलं तेच पोरीकडे गेलं होतं.

एका रविवारी टिटवी आजीच्या खोलीत पाठ करत बसली. आजी आता फारशी उठत नसे. कवळीवाली चहा घेऊन दाराशी आली तेव्हा टिटवी धड्यातलं वाक्य मोठ्याने म्हणत होती. माझे वडील आज लवकर घरी येतील, असं काहीतरी.

"असं नाही," आजी पलंगावरून म्हणाली.

"काय असं नाही?"

"तो असं नव्हता म्हणत. तुम्ही दोघी दगड टाकल्यासारखं बोलता."

कवळीवाली दारातच थांबली. सासूबाईंना त्या भाषेतलं चहा म्हणजे काय, एवढंही ठाऊक नव्हतं. पण बोलायला लागल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत लेकाच्या गळ्यातून निघालेलं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"मग कसं म्हणायचा, आजी?"

"मला काय येतंय ते? मी काय सांगू?" आजी चिडली. "पण असं नव्हतं, एवढं कळतं मला."

टिटवीने वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा हळू.

"नाही."

मधला शब्द लांबवून म्हटलं.

आजीने उशीवरच मान हलवली. "अंहं. तो वाक्याच्या मधे पोचेपर्यंत नुसता घाईत असायचा."

टिटवी पुस्तक बाजूला ठेवून पलंगावर चढली आणि मांडी घालून आजीच्या अगदी कानाशी बसली.

"थांब, घाईत म्हणते," ती म्हणाली. "ऐक हं आता."

आजीने डोळे मिटून घेतले, नीट ऐकू यावं म्हणून. कवळीवालीने बशीतला कप वाजू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरला.